थाळीचे दोन ठोके

नळ गळला तर प्लंबर, दात दुखला तर डॉक्टर, मुलगी ऐकत नसली तर तिचा मामा, अशी आपल्याकडे प्रत्येक अडचणीची सोय लावलेली असते. पण कॉम्प्युटरवरचा बाण हलत नाही, ही तक्रार घेऊन माणसाने कुणाकडे जावं? मी १९९८ साली हिरावाडीतल्या माझ्या बाहेरच्या खोलीत बसून हाच विचार करत होतो. खरं सांगायचं तर अजूनही करतो.

हे सगळं सुरू झालं ओझरच्या कारखान्याच्या बसमध्ये. मी तिथे स्टोअर खात्यात. वीस वर्षं नट-बोल्ट सांभाळले, एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि परवा लागलेल्या एका पोराने बसमध्ये सगळ्यांना आपलं व्हिजिटिंग कार्ड वाटलं, त्यावर त्याचा ई-मेल छापलेला. मला कार्ड देताना तो म्हणाला, "गुंजाळसाहेब, तुमचा नसेलच." त्या 'नसेलच'मधला 'च' मला आडगाव नाक्यापर्यंत टोचत राहिला. उतरताना मी मोठ्याने म्हणालो, "रविवारी येतोय माझाही." ड्रायव्हरनेसुद्धा मान वळवून पाहिलं. आता माघार शक्य नव्हती.

कॉम्प्युटर घरात होता. मॉडेम नावाची पट्टी माझा मेहुणा किशोर आणणार होता. फोन तर आमच्याकडे होताच, आणि खरी भानगड तिथेच होती.

आमच्या अख्ख्या इमारतीत फोन एकच. वरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना आमचाच नंबर पी.पी., म्हणजे शेजारचा, म्हणून दिलेला. फोन वाजला की माझ्या बायकोने, सरिताने, जिने चढून बोलवायला जायचं, असं पहिलं वर्षभर चाललं. मग तिचे गुडघे बोलू लागले. तेव्हा समोरच्या ब्लॉकमधले कोंडाजी पगार, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तहसील कचेरीतून रिटायर झालेले, त्यांनी एक पद्धत ठरवून दिली. फोनजवळ एक स्टीलची थाळी आणि उलथनं. एक ठोका पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांचा. दोन ठोके दुसऱ्या मजल्यावरच्या बच्छावांचा. तीन आणि चार त्यांच्या शेजारपाजारच्यांचे. चारच्या वर ठोके ठेवायचे नाहीत, कारण जिन्यात लोक मोजताना चुकतात आणि मग भांडतात, हा पगारांचा अनुभव.

पुढे तिसऱ्या मजल्यावर पेठकडच्या लंकाबाई राहायला आल्या, तेव्हा ठोके संपले होते. पगार म्हणाले, "तुम्हाला फोन करतंय कोण? तुम्ही बच्छावांच्या दोनमध्येच भागवा." तेव्हापासून दोन ठोके पडले की दुसऱ्या मजल्यावरून बच्छाव आणि तिसऱ्यावरून लंकाबाई दोघंही धावत खाली येत, जिन्याच्या वळणावर एकमेकांवर आदळत, आणि ज्याचा फोन नसे तो पुटपुटत वर जाई. या पद्धतीत कुणाला काही चूक वाटत नव्हती.

आता त्या रविवारचं महत्त्व सांगतो. बच्छावांच्या वैष्णवीला मागच्या रविवारी सटाण्याची मंडळी पाहून गेली होती. कांद्याचे व्यापारी, घर भरलेलं, मुलगा मनोज एकुलता. जाताना मुलाचे वडील पुंजाआबा सांगून गेले, "पसंत असली तर येत्या रविवारी दिवे लागायच्या आत फोन करू. नाही आला तर राग मानू नका." आपल्याकडे नकार कुणी तोंडाने देत नाही, तो असा न बोलता पोचवायचा असतो. त्यामुळे रविवारी सकाळी चहाच्या आधीच सावळीराम बच्छाव आणि त्यांच्या सुलाबाई आमच्या बाहेरच्या खोलीत फोनसमोर येऊन बसले. सुलाबाईंच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. वैष्णवीला वरच ठेवलं होतं. मुलीने फोनच्या आसपास दिसू नये म्हणे.

आणि त्याच खोलीत, त्याच फोनला, मी इंटरनेट लावणार होतो.

पगारांनी आधी अडवलंच. "फोन तुमचा असला तरी वापर सामाईक आहे. त्याला यंत्र जोडायचं तर सर्व सभासदांची ना-हरकत लागेल." मी जिने चढून सगळ्यांच्या सह्या आणल्या. लंकाबाईंनी विचारलं, "यानं फोनला काय व्हनार नाय ना?" मी तोच प्रश्न किशोरला विचारला. किशोरने एका कॉम्प्युटर दुकानात तीन महिने उमेदवारी केली होती आणि तेव्हापासून तो कुठल्याही प्रश्नाला 'बघू' असं म्हणत नसे. तो म्हणाला, "शून्य! ते आपलं आपल्या नादात असतं." पगारांनी तेवढं ऐकून सही केली.

किशोरने कॉम्प्युटरचा डबा उघडून पट्टी आत खोचली, फोनची वायर जोडली, आणि कॉम्प्युटर चालू केला. मी माउस धरला. बाण छान फिरत होता. किशोर म्हणाला, "आता कनेक्टवर दाबा." मी दाबलं. डब्यातून फोन फिरवल्याचा आवाज आला, आणि बाण जिथे होता तिथेच थिजला. मी माउस टेबलावर घासला. उचलून हलवला. सावळीराम म्हणाले, "बॅटरी उतरली असंल." माउसला बॅटरी नसते, हे मी त्यांना समजावत असताना डब्यातला आवाज बंद पडला. बंद करून पुन्हा चालू केलं. बाण फिरू लागला. पुन्हा कनेक्ट. पुन्हा बाण थिजला.

यानंतर सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, टेबल दक्षिणेला तोंड करून आहे. चार माणसांनी टेबल फिरवलं, त्यात फोनची वायर निघाली, ती पुन्हा जोडेपर्यंत सुलाबाईंचा जीव खालीवर. पगार म्हणाले, अर्थिंग नीट नसेल. लंकाबाई म्हणाल्या, "दसऱ्याला पूजा केली होती का याची?" केली होती. किंबहुना त्याच्या आतल्या पंख्यात झेंडूची पाकळी अडकल्यामुळे दिवाळीपर्यंत तो खडखडत होता. "मंग माउसची केली नसंल," त्या म्हणाल्या, आणि सरिताने खरोखरच हळद-कुंकू आणून माउसला लावलं. मी सुशिक्षित माणूस, पण विरोध केला नाही. अशा वेळी कुठला उपाय लागू पडेल, कुणी सांगावं?

किशोर मात्र गंभीर झाला होता. "दाजी, हा इंटरप्टचा प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे माउस आहे कॉम वनवर, मॉडेम आहे कॉम थ्रीवर, आणि दोघांचा आयआरक्यू चार."

एक आणि तीन मिळून चार होतात, इतपत मला पटलं. पण त्यात बिघडलं काय, हे काही केल्या कळेना. मी तसं म्हणालो, तर किशोरने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा 'म्हणजे?' मी गिळला. त्याने पट्टी पुन्हा बाहेर काढली. तिच्यावर डाळीएवढं एक काळं टोपण होतं, त्याला जंपर म्हणतात. ते एका काडीवरून काढून दुसरीवर बसवायचं. किशोरने ते बसवलं, पट्टी आत सारली, आणि विजयी चेहऱ्याने बटण दाबलं.

कॉम्प्युटर सुरू होताना एक गोड सूर वाजतो. त्या दिवशी त्या सुराचा पहिला तुकडा वाजला आणि तिथेच अडकला. ट्यँ-ट्यँ-ट्यँ-ट्यँ, थांबायचं नाव नाही. वरचे लोक समजले थाळी वाजतेय. ठोके अगणित, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं आपलेच. अख्खी इमारत जिन्यातून खाली आली. सुलाबाईंनी पेढ्यांचा डबा उघडला आणि मिटला. सावळीरामांनी रिसीव्हर उचलून "हालो! हालो आबा!" सुरू केलं. शेवटी मी प्लग उपटला. किशोर खाली मान घालून म्हणाला, "साउंड कार्डाच्याच नंबरवर बसलं वाटतं," आणि एक पार्ट आणतो म्हणून स्कूटरवरून जो गेला तो गेला. घाईत हेल्मेटही टीपॉयवर विसरून गेला.

माझ्या घरात पंधरा माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. बसमधली माणसं मला आठवली.

तेवढ्यात गर्दीतून वैष्णवी पुढे आली. अशोकस्तंभाजवळच्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकत होती, एवढं मला ठाऊक होतं. सुलाबाई डोळ्यांनी तिला वर पिटाळत होत्या. तिने तिकडे पाहिलंच नाही.

"काका, मी बघू?"

तिने पट्टी काढून उलटसुलट पाहिली. मग थाळीकडे पाहिलं आणि हसली. "काका, हे आपल्या जिन्यासारखंच आहे. आतला प्रोसेसर म्हणजे सरिताकाकू. त्या पोळ्या लाटतायत. फोन वाजला की लाटणं खाली ठेवायचं, फोन घ्यायचा, थाळी वाजवायची आणि परत येऊन तीच अर्धी पोळी पुढे लाटायची. असं मधेच थांबवून लक्ष वेधून घेणं, त्याला म्हणतात इंटरप्ट. इथे प्रत्येकाला स्वतःचे ठोके हवेत. तुमच्या माउसला आणि मॉडेमला दोघांनाही दोनच ठोके दिलेत. आम्हाला आणि लंकाकाकूंना दिलेत तसे."

"मग दोघं आदळतात वळणावर," लंकाबाई म्हणाल्या. त्यांना लगेच कळलं. मला आणखी एक शंका होती.

"सरिता प्रोसेसर, तर मग मी कोण?"

वैष्णवीने जरा विचार केला. "तुम्ही मॉनिटर, काका."

हा मान होता की अपमान, याचा निर्णय मी पुढे ढकलला. तिने टोपण तिसऱ्याच काडीवर बसवलं, स्क्रीनवर दोन-चार ठिकाणी काहीतरी बदललं, आणि कनेक्ट दाबलं. डब्यातून किंचाळ्या, शिट्ट्या, खरखर, आणि मग शांतता. बाण फिरत होता. खालच्या कोपऱ्यात दोन छोटे दिवे लुकलुकत होते. टाळ्या पडल्या. मी टाळ्या माझ्यासाठी समजून मान लववली.

सावळीराम मात्र फोनकडे बघत होते. "लाइन चालू हे ना पण?" म्हणत त्यांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला लावून दचकले. "आयला, आत कोनी वरडतंय!" इकडे इंटरनेट तुटलं. वैष्णवीने पुन्हा जोडलं आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, रिसीव्हर उचलला की सगळं बिघडतं. पाहुण्यांचा फोन हवा असेल तर त्याला हातसुद्धा लावू देऊ नका कुणाला."

मग काय विचारता! सावळीराम खुर्ची ओढून फोनला पाठ लावून बसले. कुणी टेबलाजवळून गेलं तरी "हांऽ, हात नाय लावायचा" म्हणत. त्या माणसाने दुपारचं जेवणसुद्धा तिथेच केलं, एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने फोन सांभाळत.

वैष्णवी कॉम्प्युटरपुढे बसून राहिली. स्क्रीनवर वरून खाली एकेक ओळ करत चित्रं उतरत होती. एक धबधबा उतरायला अर्धी दुपार गेली. मी विचारलं, "माझा ई-मेल?" ती म्हणाली, "होतंय काका. मधेच तोडू नका, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." मी तोडलं नाही. सरिता म्हणाली, "आज किती शांत आहे नाही? एकाचाही फोन नाही." तिने कित्येक महिन्यांनंतर एका दमात पोळ्या केल्या होत्या आणि ती फार खूश होती. मीही खूश होतो.

दिवेलागण झाली. सरिताने देवापुढे दिवा लावला. सुलाबाई त्या दिव्याकडे बघत बसल्या, मग पदराने डोळे टिपून उठल्या. सावळीराम फोनवरचा हात काढून म्हणाले, "नाय आला." तेवढंच. आणि आपली खुर्ची उचलून, जशी आणली होती तशी, आत ठेवून आले. पेढ्यांचा डबा तसाच बंद वर गेला. वैष्णवीने कॉम्प्युटर नीट बंद केला आणि ती त्यांच्या मागोमाग गेली. मला फार वाईट वाटलं. सटाणेकरांना या मुलीत काय कमी दिसलं?

पाचच मिनिटांत किशोर हेल्मेट न्यायला आला. "काय दाजी, दिवसभर इंटरनेट? दुपारपासून फोन करतोय, सारखा एंगेज!"

"एंगेज?"

"मग? मॉडेम चालू असला की बाहेरून फोन लागत नाही ना!"

"तू शून्य म्हणाला होतास!"

"कॉम्प्युटरला काही होत नाही, असं म्हणालो होतो."

एका मुलीचं जमत आलेलं लग्न मी ई-मेलपायी मोडलं होतं! बच्छावांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. मी जिना चढू लागलो, तर वळणावर वैष्णवी बसलेली.

"काका, अण्णांना सांगायला निघालात ना? नका सांगू."

"अगं, पण तुला कल्पना नाही, तो फोन..."

"आहे. क्लासला पहिल्याच आठवड्यात शिकवतात."

मी वळणावरच बसलो. तिच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. म्हणजे दिवसभर मला जे इंटरनेट वाटत होतं ते नेमकं काय होतं? "तुला नकोय तो मुलगा?"

"मला काय माहीत? दहा मिनिटं दिसला तो, तेही पोह्यांच्या बशीआडून." ती पायरीच्या कडेकडे बघत होती. "फोन आला असता तर अण्णांनी उचलला असता, अण्णाच बोलले असते, अण्णाच हो म्हणाले असते. मला पेढा खायला हाक मारली असती." तिचे डोळे भरले होते. सांगावं तर पोरीचा विश्वासघात, न सांगावं तर शेजाऱ्याचा. मी बरोब्बर मधल्या पायरीवर होतो.

सकाळी कारखान्याची बस चुकली, कारण इमारतीपुढे जीप उभी राहिली. पागोटं घातलेले पुंजाआबा, मागे मनोज, आणि टपावर कांद्याची गोणी. आधी फोनचीच विचारपूस करायची म्हणून ते सरळ आमच्या घरात येऊन बसले. मी थाळीवर दोन ठोके दिले. बच्छाव कुटुंब आणि लंकाबाई एकदमच आत आले. पगार अर्थातच दारात होते.

पुंजाआबा मांडी ठोकून हसले आणि आपल्या अहिराणीत सुरू झाले. "काल बठ्ठा दिवस फोन लावा, लागनाच नही! कव्हयबी लावा, एंगेज! मी घरमा म्हनं, ज्या पोरना घरना फोन इतला एंगेज, त्या पोरले किती स्थळं येत व्हतीन! दुसरा कोनी लई जावाना पहिले आपनच निंघा. म्हनीसन पहाटेच उनूत. आम्हले पसंत शे."

सुलाबाई पेढे आणायला वर धावल्या. सावळीरामांचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "एंगेज? मी सवता बसलेलो तिथं! कोनाला हात लावू दिला नाय!" ते माझ्याकडे वळले. सगळे माझ्याकडे वळले. मी मॉनिटर. माझ्या तोंडावर काय दिसत होतं देव जाणे.

"थांबा," वैष्णवी म्हणाली.

पाहुण्यांसमोर, बोलणी चालू असताना, मुलगी मधेच बोलत नाही. पुंजाआबांचा हात पागोट्याजवळ राहिला. जिन्यात सुलाबाईंची पावलंसुद्धा थांबली.

"काल फोन मी एंगेज ठेवला होता. मुद्दाम. काकांना माहीत नव्हतं." ती थांबली नाही. "नकार द्यायचा म्हणून नाही. हे सगळं माझं चाललंय आणि मला कुणी विचारलंच नाही, म्हणून. माझा कोर्स परीक्षेपर्यंत आलाय. तो झाल्यावर मला विचारा. अण्णांना नाही, मला."

सावळीराम उठले. ते काही बोलणार, तोच दाराशी बसलेला मनोज खाकरला.

"आबा," तो म्हणाला, "इचारं तर मलेबी नही कोनी."

पुंजाआबांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सावळीराम, बसा खाली. कांदाबी पुरा सुकू द्यावा लागस, मंगच साठवाले चाळमा भरतस." सावळीराम बसले. पुंजाआबा वैष्णवीला म्हणाले, "बरं, मंग परीक्षा झाल्यावर फोन आते कोनले करना?"

"मला."

"किती ठोके?" हे पगार. सेक्रेटरी होते ते. सगळा प्रश्न त्यांच्यापुढे अखेर एका कलमाशी येऊन थांबला होता. "दोनमध्ये तिघांना कसं घालणार? आणि चारच्या वर ठोका देता येत नाही."

लंकाबाई म्हणाल्या, "थाळीच कशाला पायजे? घंटी द्या तिला येगळी."

मी आत जाऊन माझ्या जुन्या सायकलची घंटी काढून आणली आणि फोनच्या टेबलाला स्क्रूने पक्की केली. स्टोअर खात्यातल्या माणसाकडे स्क्रू असतोच. पगारांनी एकदा वाजवून पाहिली आणि मंजूर केली. सुलाबाईंनी पेढे वाटले. कशाचे ते कुणी विचारलं नाही. सावळीरामांनी मात्र पेढा हातातच धरून ठेवला, आणि पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

बसमधल्या त्या पोराने ई-मेल विचारला, तेव्हा मी त्याला 'लाइन एंगेज होती' म्हणून सांगितलं. हे शब्दशः खरं होतं, पण बस हसली.

परीक्षा झाली, निकाल लागला. एका संध्याकाळी मी एकेक अक्षर शोधत माझं पहिलं पत्र टाइप करत होतो, तोच फोन वाजला. "मी सटाण्याहून मनोज. वैष्णवी आहेत का?" 'बच्छाव आहेत का' असं नाही. मी थाळीकडे गेलेला हात मागे घेतला आणि घंटी वाजवली.

वर दारं उघडल्याचे आवाज आले. सावळीराम दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी आलेले मला खालून दिसले. ते एक पायरी उतरले आणि तिथेच थांबले. वैष्णवी त्यांच्या शेजारून खाली आली. कुणी कुणावर आदळलं नाही. तिने रिसीव्हर घेतला, पाठ वळवली आणि म्हणाली, "हं, बोला. मीच बोलतेय."

मी परत खुर्चीवर येऊन बसलो. बाण नीट हलत होता. पण मी कुठल्या अक्षराशी होतो, तेच आठवेना.